म्हातारी पाठ फिरवते

श्रीगोंदे,
ता. ११ नोव्हेंबर १९४५

चिरंजीव कृपादान यास आजी मरियम हिचा सलाम.

तुझं कार्ड पोचलं. इतकं बारीक लिहितोस की मुंगीनं शाईत पाय बुडवून चालावं. मिशनच्या शाळेत मी तिसरीपातूर शिकले तवा फळ्यावरचं अक्षर हाताएवढं असायचं, त्याची सवय. पण वाचलं समदं. दोनदा वाचलं. पुण्याला थंडी हाय, तू बरा हाईस, खानावळीतली भाजी पाणचट असती, एवढंच त्यात हाय. कामाचं एक अक्षर न्हाई.

इकडं समदं ठीक. शेळी व्याली, दोन्ही बोकडच. चर्चमधल्या पेटीत उंदरांनी पिल्लं घातली म्हणून गेल्या रविवारी गाणी नुसती टाळ्यांवर झाली, आन् मला वाटतं बरीच बरी झाली. तुझे आजोबा असते तर हसले असते. ते भजन धरायचे तवा पेटीवाल्याला म्हणायचे, तू जरा कमी वाजव, देवाला आयकू येतं.

आता मुद्द्याचं. ही शेजारची दगडाबाई दर रविवारी उपासना सुटली की समद्यांच्या देखत मला गाठती. "मरियमकाकू, तुमचा कृपादान शिनेमात गेला म्हणं, मग पडद्यावर कसा दिसत न्हाई?" मी म्हटलं, तो दिसणाऱ्यातला न्हाई, लिहिणाऱ्यातला हाय. तर म्हणती, "काय लिहितो? तिकिटं?" बाया फिदीफिदी हसल्या. मलाबी हसू आलं, बाई बोलती झकास, पण घरी आल्यावर लई लागलं. पाद्रीसायेब तर म्हणतात शिनेमा ही सैतानाची खिडकी हाय. मी म्हटलं, सायेब, माझा नातू आत बसलाय, तो लावून घेईल खिडकी.

तर एवढं कर. तू लिहिलेल्या एका शिनेमाचं नाव कळव. एकच कळव. माळावर गनीभाईचा शिनेमाचा तंबू पडलाय, होळीपातूर राहणार हाय. त्याला सांगून तो शिनेमा आणवते आन् दगडाबाईला पुढं पोत्यावर बसवते.

जेवत जा.

तुझी आजी,
मरियम

*

पुणे,
ता. २० नोव्हेंबर १९४५

प्रिय आजीस कृपादानाचा सलाम.

तुझं पत्र वाचून कथाखात्यातले सगळे हसले. मी त्यांना वाचून दाखवलं, रागावू नकोस. आमच्या खात्यातले वडीलधारे लेखक नूरुद्दीन मोमीन म्हणून आहेत, ते म्हणाले, "तुझी आजी इथं आणून बसव, आपण सगळे घरी जाऊ."

तू नाव विचारलंस. आमच्या कंपनीचं 'दोन ताटं' नावाचं चित्र दिवाळीत लागलं आहे. एक विधवा सून आणि तिची सासू, एवढीच गोष्ट. मोठमोठे देखावे नाहीत, राजवाडे नाहीत. एक चूल आहे आणि दोन बायका. पण आजी, थिएटरात माणसं खुर्चीवरून उठत नाहीत. असं चित्र लिहिणाऱ्याच्या हातून आयुष्यात एकदाच उतरतं. त्यातला एकेक शब्द मला पाठ आहे.

त्याची कथा मी लिहिली आहे.

नगर जिल्ह्यात ते माघापर्यंत येईल असं वितरणवाले म्हणतात. गनीभाईला कळव हवं तर. पण फार गाजावाजा करू नकोस, आपल्याला ते शोभत नाही. दगडाबाईला तेवढं सांगितलंस तरी पुरे. आणि चित्र तू पाहिलंच पाहिजेस असंही नाही, तंबूत थंडी असते, तुझे गुडघे दुखतात.

तुझा,
कृपादान

*

श्रीगोंदे,
ता. ३ फेब्रुवारी १९४६

माझ्या लेका, माझ्या राजा, कृपादाना,

सलाम राहू दे, आधी आयक. काल तुझा शिनेमा बघितला. डोळे सुजून बटाट्यावाणी झाल्यात, म्हणून ओळी वाकड्या जातील, तशाच वाच.

गाजावाजा करू नको म्हणलास, मी केला न्हाई. फकस्त आपल्या आळीला सांगितलं. आन् रविवारी चर्चमध्ये सांगितलं. आन् बाजारात भाजीवालीनं इचारलं म्हणून तिला. आळीत चुलीपुढं एक माणूस राहिलं न्हाई, समदी पोती घेऊन तंबूत. पाद्रीसायेबबी आले. म्हणाले, "शेताकडनं परत येत होतो, सहज डोकावलो." शेत त्यांचं तंबूच्या उलट्या अंगाला हाय, पण मी त्यांना एक पोतं सरकवून दिलं.

तुझे आजोबा सांगायचे ते मी समद्यांना बजावलं हुतं. भजन रचणाऱ्याचं नाव शेवटच्या कडव्यात येतं. आधी नाव सांगतो तो उतावळा. म्हणून म्हटलं, कृपादानाचं नाव शेवटाला येईल, तवा उठायचं न्हाई, टाळ्या वाजवायच्या. म्हणून पहिल्यांदा पडद्यावर अक्षरं आली तवा कुणी तिकडं बघितलंच न्हाई. दगडाबाई माझ्या पोत्यावर मांडी पसरून बसली हुती, मी तिला ढकलत हुते.

मग ती चूल दिसली. ती सून दिसली. आन् ती म्हातारी.

पोरा, तुला कसं कळलं?

नवरा मेल्यावर सून अन्न सोडती. म्हातारी हात जोडती, पाया पडती, सून तोंड फिरवती. मग एक दिवस म्हातारी म्हणती, "नको खाऊस, तेवढीच भाकरी वाचली." आन् सून रागानं ताट ओढून समदं खाती. मग म्हातारी पाठ फिरवती, आन् तिची पाठ नुसती हालती. तंबूत एवढी माणसं, पण माझ्या कानात शेळीच्या रवंथाएवढाबी आवाज न्हवता.

हे मी कुणाला सांगितलं न्हाई. पाद्रीसायेबाला न्हाई, तुझ्या आजोबांच्या कबरीपाशीबी न्हाई. तुझा बाप मोझेस पटकीनं गेला तवा तू सहा वर्साचा. तुझ्या आईनं, लिडियानं, भिंतीकडं तोंड केलं ते केलं. आठ दिस मी दुधात भाकरी कुस्करून तिच्या तोंडाशी धरली. न्हाई म्हणजे न्हाई. नवव्या दिशी मला राग आला. खरा राग, उगं कशाला खोटं बोलू. मी म्हटलं, "माझा लेक खाल्लास, आता भाकरी कशाला खाशील!" आन् तिनं माझ्याकडं असं बघितलं की जाळून टाकील. आन् ताट ओढलं. आन् जेवली.

तवा मला कुलपाची किल्ली गावली. तवापासनं रोज. सकाळी एक शिवी, सांजेला एक. नवी नवी हुडकून काढायचे. शिळी शिवी दिली की ती अर्धीच भाकरी खायची. मग मी मागल्या दारी शेळीपाशी जायचे आन् देवाला म्हणायचे, बाबा, ही माझी प्रार्थनाच समज. चार वर्सांनी तापानं गेली बिचारी, पण भुकेनं न्हाई गेली. तिला खरं कळलंच न्हाई. मला सांगायचं हुतं. सांगितलं असतं तर जेवली नसती, म्हणून राहिलं.

मला वाटायचं तू माझ्यावर रुसलाईस. सुट्टीला यायचास, ताटात बघून जेवायचास. आन् तू तर समदं बघितलं हुतंस! त्या म्हातारीनं पाठ फिरवली तवा मी मनात म्हटलं, माझ्या नातवानं मला मागनं बघितलं. लोकांनी म्हातारी समोरनं बघितली, त्यानं मागनं. देवानं मला एवढं दिलं, आता काय न्हाई दिलं तरी चालेल.

आता वाईट आयक. शिनेमा संपला. दिवा लागला. मी उभी. नावच येईना. गनीभाई आला, "आजी, खेळ संपला, घरी जा."
मी म्हटलं, "नाव कुठं हाय?"
"नाव पहिल्यांदाच येऊन गेलं की."
"मग परत आण."
"आजी, इंजनाला रॉकेल लागतं, पाणी न्हाई लागत!"
पण आळीतलं एकबी माणूस उठंना. शेवटी शिव्या देत त्यानं पहिलं रीळ परत लावलं. पाद्रीसायेबांनी चष्मा पुसून मोठ्यांदा वाचलं, "कथा आणि संवाद, नूरुद्दीन मोमीन."

दगडाबाई म्हणाली, "काय ओ काकू, नातवानं धर्म बदलला की काय?" समदा तंबू हसला. मी म्हटलं, हसू नका, चोरी झालीय. त्या घरात तिघंच माणसं हुतो, मी, लिडिया आन् हे पोर. लिडिया गेली. ह्या मोमीनाला माझी चूल कुणी दावली? माझ्या पोरानंच लिहिलं आन् ह्यानं आपलं नाव ठोकलं.

मी रडले तशी समदी गप झाली. पाद्रीसायेब तर लाल झाले. म्हणाले, हा अन्याय आहे, मी कंपनीच्या मालकाला इंग्रजीत पत्र लिहितो आणि त्या चोराचं नाव घालून लिहितो. पुढल्या रविवारी चर्चमध्ये समद्यांच्या सह्या आन् अंगठे घेणार हायेत. मीबी तीन वळणाची सही करीन.

तू भिऊ नको. तुझ्या मागं समदं श्रीगोंदे हाय.

तुझी आजी,
मरियम

*

पुणे,
ता. ६ फेब्रुवारी १९४६

आजी,

हे पत्र मिळताच पाद्रीसाहेबांकडे जा. रविवार येऊ देऊ नकोस. ते पत्र पोस्टात पडता कामा नये.

चोरी झाली नाही. चोरी मी केली. 'दोन ताटं' मी लिहिलेलं नाही, त्यातली एक ओळही माझी नाही. ते नूरुद्दीनसाहेबांनीच लिहिलं. त्यांच्यासारखा सरळ माणूस या धंद्यात मी पाहिला नाही. मला भाकरीला लावलं ते त्यांनी. सह्यांचं ते पत्र मालकाच्या टेबलावर पडलं तर मी जाईनच, ते होऊ दे, पण भरल्या ऑफिसात त्यांना कुणी चोर म्हणेल आणि ते माझ्याकडे बघतील. ते मला सहन होणार नाही.

का लिहिलं तसं, ते सांगतो. समर्थन नव्हे. आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाचं एखादं चित्र असतं, दुसऱ्यानं लिहिलेलं. ते बघून बाहेर पडताना वाटतं, हे माझं होतं, हे माझ्या खिशातून कुणी काढून घेतलं. नूरुद्दीनसाहेबांचंही एक आहे. त्याचं नाव निघालं की ते टोपी काढतात. म्हणतात, "अशा चित्राला नमस्कार करावा आणि घरी जाऊन आपलं लिहावं." 'दोन ताटं' पाहिलं त्या दिवशी मी अंधारात खूप वेळ बसून राहिलो. मला त्यातलं सगळं ओळखीचं वाटत होतं आणि का ते कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तुझं पत्र आलं, एक नाव कळव म्हणून. माझ्या नावाचं एकही चित्र तेव्हा नव्हतं. मी नमस्कार केला नाही. नाव घेतलं.

आणि आजी, तू त्या पत्रात आईच्या ताटाचं लिहिलंस. ते मला ठाऊक नव्हतं. मी काहीही पाहिलं नव्हतं. मी तुला मागून कधीच पाहिलं नाही.

आधी पाद्रीसाहेबांकडे जा.

कृपादान

*

श्रीगोंदे,
ता. १ मार्च १९४६

कृपादान यास सलाम.

पत्र उशिरा लिहिते. शाई हुती, कागद हुता, हात उठत न्हवता.

पाद्रीसायेबांकडं त्याच दिशी गेले. त्यांनी पत्र लिहून खाली सह्यांसाठी रेघासुद्धा मारून ठेवल्या हुत्या. मी म्हटलं, सायेब, द्या ते. ते म्हणाले, का? मी म्हटलं, माझ्या घरातला चोर घरातच गावला. त्यांनी माझ्याकडं बघितलं, पत्र फाडलं, आन् चहा ठेवायला सांगितला. मी चहा न पिता आले. पाद्रीसायेबांच्या घरचा चहा न पिता मी आजवर आले न्हवते.

मग रविवार आला. आपल्याकडं साक्ष असती तुला ठावंच हाय, ज्याला देवानं काय दिलं त्यानं उभं राहून सांगायचं. मी आधी उभी राहायचे ते नेहमी शेळी व्याली, गुडघा थांबला, असलं सांगायला. ह्या वेळी दुसरंच सांगायला उभी राहिले. मी म्हटलं, गनीभाईनं नाव कापलं न्हाई, मोमीनसायेबांनी चोरलं न्हाई, माझ्या नातवाचं नाव तिथं नव्हतंच. मी म्हातारी उगं नाचले. तुमच्या देखत एका भल्या माणसाला चोर म्हटले, तर तुमच्याच देखत शब्द मागं घेते. आन् खाली बसले.

वाटलं आता दगडाबाई बोलंल. म्हटलं बोल बाई, एकदाची बोल. तिनं बाहेर आल्यावर नुसती माझ्या पदरावरची धूळ झटकली आन् पुढं गेली. तिनं शिवी दिली असती तर मी रात्री जेवले असते.

गनीभाई भेटला बाजारात. मी तोंड लपवून चालले हुते. त्यानंच हाक मारली, "आजी, रॉकेलचं राहू द्या हं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हे समदं झालं ते झालं. लाज काय, पावसाळ्यातल्या चिखलावाणी, वाळली की झडती. पण एक वाळत न्हाई. तू लिहिलंस, "मी तुला मागनं कधी बघितलं न्हाई." मग माझं तोंड बघितलंस, ते काय बघितलंस? लिडियाला मी रोज बोलायचे ते तू चुलीच्या त्या अंगाला बसून आयकायचास. आई गेल्यावर तूच नगरच्या बोर्डिंगात जाईन म्हणलास. मी म्हटलं शिकायची हौस हाय पोराला. दर सुट्टीला तुझ्या आवडीचं हुलग्याचं माडगं करायचे, तू अर्धं ठेवायचास.

इतकी वर्सं मनात काय धरलं हुतंस ते सरळ लिही. गोड करू नको. गोड लिहायचा तुझा धंदा हाय, तो मला नको.

आजी

*

पुणे,
ता. ९ मार्च १९४६

आजी,

सरळ लिहितो.

होय, धरलं होतं. मला वाटत होतं आईला तू मारलंस. तापानं नव्हे, तोंडानं. बोर्डिंगात रात्री मुलं घरची आठवण काढून रडायची तेव्हा मी तुझ्या शिव्या आठवायचो, म्हणजे रडू यायचं नाही. माडगं आवडायचं. अर्धं ठेवायचो ते तुला लागावं म्हणून.

आणखी आहे. हे सांगितल्याशिवाय सुटका नाही.

'दोन ताटं' माझं नाही, पण एक चित्र खरोखर माझं आहे. 'जाच' त्याचं नाव. मी ते दोन वर्षांपूर्वी लिहिलं, गेल्या पावसाळ्यात कंपनीनं घेतलं, आता चित्रीकरण उरकलं आहे. त्यात एक म्हातारी आहे. तिला मी तुझं लुगडं नेसायचं वळण दिलं, तुझा उजवा गुडघा दिला, तुझ्या शिव्या जशाच्या तशा दिल्या. ती विधवा सुनेला रोज घालूनपाडून बोलते, तिच्यापुढचं ताट काढून घेते, आणि सून उपाशी मरते. शेवटी लोक म्हातारीला घराबाहेर काढतात. तिथं टाळ्या पडतील असं मालक म्हणतात.

नूरुद्दीनसाहेबांनी ते हस्तलिखित आधीच वाचलं होतं. त्यांनी मला एकच विचारलं, "ही बाई एवढं बोलते, मग उठून कुठं जाते? बोलून झाल्यावर ती काय करते?"
मी म्हणालो, "काही नाही. झोपते."
ते म्हणाले, "बघ बुवा. तुझ्या घरची आहे, तुला ठाऊक."
मला वाटलं, त्यांना माझ्या गोष्टीतलं काही कळलं नाही. पुढं त्यांनी 'दोन ताटं' लिहिलं. माझ्या म्हातारीवरून त्यांना सुचलं का, ते मी विचारलेलं नाही. विचारायचं धाडस नाही.

तुझं फेब्रुवारीचं पत्र आलं त्या दिवशी मी मालकांकडे जाऊन म्हणालो, शेवट बदलू द्या. ते म्हणाले, सेट मोडला, नटी दुसऱ्या कंपनीत गेली, वेड लागलंय का.

त्यावर माझं नाव येईल, मोठ्या अक्षरात. तंबू पुन्हा माळावर पडला आणि 'जाच' आलं, तर आजी, तू जाऊ नकोस. एवढं मागतो. दुसरं काही मागायचा मला हक्क नाही.

कृपादान

*

श्रीगोंदे,
ता. १५ डिसेंबर १९४६

चिरंजीव कृपादान यास आजीचा सलाम.

मधी तुझी कार्डं आली, मी उत्तर धाडलं न्हाई. रागानं न्हाई, निदान समदं रागानं न्हाई. मोतीबिंदू वाढलाय, आता अक्षर डोळ्याला लावून लिहिते. तू दिवाळीत येतो म्हणलास आन् आला न्हाईस, ते मी समजले.

गनीभाईचा तंबू आला. त्यानं 'जाच' आणलं. मला आधी सांगायला घरी आला बिचारा, म्हणाला, "आजी, ह्या बारीला नाव खरं हाय, मी डोळ्यानं वाचलं. पण तुमी नका येऊ." तुझ्यासारखंच बोलला. दोघांनी नको म्हटल्यावर मी जाणार न्हाई असं कसं हुईल?

ह्या खेपेला मी पहिल्यापासनं डोळे लावून बसले. कथा, संवाद, कृपादान मोझेस भिंगारदिवे. बापाचंबी नाव घातलंस. दगडाबाईला वाचता येत न्हाई, तिनं पोरांकडनं वाचून घेतलं आन् माझा हात दाबला. आळीतल्यांनी टाळ्या वाजवल्या. मीबी वाजवल्या, खोटं कशाला सांगू, लई मोठं वाटलं.

मग ती म्हातारी आली. लुगडं अगदी माझं. गुडघा माझा. शिव्या तर पोरा, एकबी चुकला न्हाईस! "रांडेच्या उंबऱ्यावर दिवा" ही मी एकदाच दिली हुती, पावसात, तीबी तुला ध्यानात! मला आधी हसूच आलं. मग शेजारच्या बाया म्हातारीला बोलायला लागल्या, मर सटवे, तुझं तोंड जळो. दगडाबाईनं तर दोन्ही हातांची बोटं मोडली, आन् मग तिच्या ध्यानात आलं आन् तिनं माझ्याकडं बघितलं, आन् हात पदराखाली घेतले. मला एवढी लाज वाटली की जमीन फाटावी. बायांची लाज न्हाई. पडद्यावर जी उभी हुती तिची लाज. ती खोटी नव्हती रे. ते शब्द माझे हुते, माझ्याच तोंडातनं निघाले हुते, आन् चुलीच्या त्या अंगाला सहा वर्साचं लेकरू बसलं हुतं. लिडियाच्या पोटाकडं बघताना मी तुझ्या कानाकडं बघितलंच न्हाई. तुला मागल्या दारी नेऊन सांगायला पायजे हुतं, बाळा, हे खोटं खोटं हाय. मी सांगितलं न्हाई. त्या म्हातारीला लोकांनी घराबाहेर काढलं तवा तंबूत टाळ्या पडल्या. मीबी वाजवल्या.

तर तू आता उगं तिकडं तोंड लपवून बसू नको. तुझ्या वाटणीची लाज तू घे, माझ्या वाटणीची माझ्यापाशी राहू दे. तू जे आयकलंस ते लिहिलंस. शिव्या खऱ्या, गुडघा खरा, लुगडं खरं.

पण एक खोटं हाय आन् ते मला झोपू देत न्हाई. तू तुझ्या आईला उपाशी उठवलंस. पडद्यावर ती वाळत गेली, तिच्या हाडांच्या काड्या झाल्या, बाया रडल्या. पोरा, ती तशी न्हवती. शेवटच्या तापापातूर तिचं मनगट भरल्यालं हुतं. तिच्या बांगड्या काढताना तेल लावावं लागलं, मीच लावलं. गनीभाईला इचारलं, एवढं बदलता येतं का? तो म्हणाला, आजी, छापलेलं चित्र बदलत नसतं.

मग पुढल्यात घाल. तुला जमत नसलं तर मोमीनसायेबांना सांग, माझा सलाम सांग आन् त्यांना घालायला सांग. नाव कुणाचंबी येऊ दे, पहिल्यांदा येऊ दे, शेवटाला येऊ दे, आजिबात नाही आलं तरी माझं काय म्हणणं न्हाई. म्हातारीला कायबी करा.

पण लिडिया जेवली. रोज जेवली. तेवढं येऊ दे.

तुझी आजी,
मरियम